पुजलेला पाना

कंपनीतून आलेलं यंत्र जसंच्या तसं वापरणाऱ्या माणसाला दौलतराव परब आळशी समजत. गिरणीत ते फिटर होते. गिरणी बंद पडली, पण हात काही बंद पडले नाहीत. त्यामुळे लालबागच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत मिक्सर सुरू करायचा तर आधी पंखा बंद करावा लागे, आणि हे असं का, ते पाहुण्यांना समजावून सांगताना दौलतरावांचा चेहरा उजळून निघे.

पण त्यांचा खरा जीव होता भात कापायच्या यंत्रात. खांद्याला पट्ट्याने अडकवायचं, लांब दांड्याच्या टोकाला फिरतं पातं. ते चालवायचा गावचा धाकटा भाऊ रघुवीर. कापलेलं भात चहूकडे उडू नये, एका अंगाला पडावं म्हणून पात्यामागे आडोसा लागतो. कंपनीने प्लास्टिकचा दिला होता. पहिल्याच वर्षी दौलतरावांनी तो काढून माळ्यावर टाकला आणि तेलाचा डबा कापून स्वतःचा बसवला. रघूने गावी तो डबा उपटून पाण्याचा पाइप उभा चिरून लावला. कापणी झाल्यावर यंत्र बसच्या डिकीतून लालबागला आलं, तेव्हा दौलतरावांनी पाइप उपटला. असं चार वर्षं चाललं होतं, आणि दोघे भाऊ फोनवर दुसरं काही बोलतच नसत.

चाळीस वर्षांत दौलतरावांनी ना नांगर धरला होता ना लावणी केली होती. गावच्या शेतात त्यांचं म्हणावं असं आता त्या डब्याएवढंच उरलं होतं. आणि गणपतीत रघूने बजावलं, "औंदा तुजो डबो अडाकलो, तर मशीन परत मुंबयक धाडूचंय नाय." तेव्हापासून दौलतरावांना धड झोप नव्हती.

यंदाचा डबा अगदी बिनचूक झाला होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी रघूचा पाइप काढला, मापं घ्यायला म्हणून कंपनीचा आडोसा चढवला. दसऱ्याच्या सकाळी फक्त डबा बसवायचा, दुपारी तीनला मुलगा वैभव गाडी घेऊन गावी निघणार, संपलं. पण बसवण्याआधी चाचणी नको? त्यासाठी भात हवं. दसऱ्याला तोरणांसाठी भाताची कणसं येतात, म्हणून ते भल्या पहाटे दादरच्या फुलबाजारात गेले आणि चाळीस जुड्या मागितल्या.

"काका, तोरण घराला लावताय की मंत्रालयाला?" फुलवाला म्हणाला.

जुड्या बादलीत उभ्या कशा रोवायच्या याचा विचार करत ते परतले आणि दारातच थबकले. पाटावर पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर ओळीने मांडलेले. शेजारी विळी, वैभवचा लॅपटॉप आणि मधोमध यंत्र. सगळ्यांना हळदकुंकू, यंत्राला झेंडूचा हार. लक्ष्मीबाई उदबत्ती ओवाळत होत्या.

"अगं, हे काय केलंस?"

"पूजा. आज दसरो ना?"

"मला डबा बसवायचाय!"

"उद्या बसवा. पुजलेल्या हत्याराक दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावूचो नाय."

हा नियम चाळीत आणला होता खुद्द दौलतरावांनी. सहा वर्षांपूर्वी घरात अकरा पाहुणे असताना लक्ष्मीबाईंनी पुजलेली विळी कोथिंबिरीसाठी उचलली, तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत भाषण ठोकलं होतं की बारा महिने राबणाऱ्या हत्याराला एक दिवस विसावा नको का. त्या दिवशी लक्ष्मीबाईंनी बटाटे हातांनी फोडले होते. ते बटाटे त्या आजतागायत विसरल्या नव्हत्या.

दौलतराव पाना मागायला शेजारच्या गौतम इलेक्ट्रिशियनकडे धावले. "काका, आपला तर टेस्टरपण पुजलाय," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलेलं ना?" वरच्या मजल्यावर तेच, खालच्या गॅरेजला तर हार घालून कुलूप. शेवटी ते घरी येऊन म्हणाले, "पाना नको. नुसत्या हाताने खोलतो."

"पण मशीनपण पुजलीय," लक्ष्मीबाई म्हणाल्या आणि श्रीखंड वाढायला घेतलं.

तीनला यंत्र हारासकट, हात न लावता चादरीत गुंडाळून, वैभवच्या गाडीतून गेलं. डबा खोलीतच राहिला. चाळीस जुड्यांची तोरणं करून लक्ष्मीबाईंनी अख्ख्या मजल्याच्या दारांवर लावली. त्यांच्याखालून जाताना दौलतराव मान वर करत नव्हते.

तिसऱ्या दिवशी रघूचा फोन आला. "कापून झाला."

"एवढ्यात? अडकलं नाही?"

"नाय."

"एका अंगाला पडलं?"

"सगळा. रेघ मारल्यासारखा."

कंपनीच्या त्या दीडदमडीच्या प्लास्टिकने चार वर्षांचं भांडण दीड दिवसात मिटवलं होतं. "मग बरंच झालं," दौलतराव कसेबसे म्हणाले. आता यंत्र इकडे यायचं काही कारणच उरलं नव्हतं.

"बरा खंय?" रघू एकदम भडकला. "दरवर्षी तुजो डबो काडूक माका दोन दिस लागत. तुका गाळी घालीत घालीत काडी. औंदा नुसता कापला नि घराक इलंय. कोणाक गाळी घालू? कंपनीक?" मग म्हणाला, "मशीन वैभवाच्या गाडयेत घातलंय. कायतरी कर तेचा."

यंत्र रात्री आलं. दौलतरावांनी चष्मा लावून ते दिव्याखाली धरलं. कंपनीच्या आडोशाला एक ताजं भोक पाडलेलं होतं, कशासाठी ते देव जाणे, आणि तेही मध्यापासून चांगलं दोन सूत डावीकडे.

"गाढव आहे!" दौलतराव आनंदाने ओरडले. "अगं, हे बघ, गाढवाने काय करून ठेवलंय!"

लक्ष्मीबाईंनी पदराने पान्यावरचं कुंकू पुसलं आणि तो त्यांच्या हातात दिला.