बंकटची साखरतुला

“डॉक्टरबाई, वजनावरच नंबर काढायचा आसंल तर आमच्या गोठ्यातली म्हैस कावून बसवत न्हाईत तराजूत?”

मुक्तानं हे माईकवर विचारलं. कारखान्याचा माईक तो! त्याचे कर्णे पार टँकरच्या रांगेपर्यंत बांधलेले. त्यामुळं प्रश्न मंडपात जेवढा ऐकू गेला तेवढाच हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायांनाही गेला, आणि पहिलं हसू आलं ते तिकडूनच.

खरं तर प्रश्न तिचा एकटीचा नव्हता. भिवरा आणि गीता, तिच्या वर्गातल्या दोघी, आदल्या दिवशी शाळेच्या भिंतीमागं बसून तिला डिवचत होत्या. “तुझ्यात दम न्हाई,” भिवरा म्हणाली. “विचारून दाव,” गीता म्हणाली, “महिनाभर माझ्या डब्यातला ठेचा तुझा.” मुक्ता नववीत. पंधरा ऑगस्टपर्यंत ती हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. सरांनी त्या दिवशी बळंच भाषणाला उभं केलं. पहिल्या वाक्याला ती अडखळली, दुसऱ्याला टाळी पडली, आणि तेव्हापासून मुक्ताचं तोंड जे उघडलं ते मिटायलाच तयार नव्हतं. घरी भांडी घासतानासुद्धा ती “अध्यक्ष महाशय” म्हणून सुरुवात करायची.

तिचे वडील भगवानराव कारखान्याचे संचालक. म्हणून वजनं झाल्यावर आभार मानायचं काम तिच्याकडं आलं होतं. चेअरमन आप्पारावांना वाटलं, पोरगी चार नावं घेईल आणि बसेल.

ही स्पर्धा आप्पारावांच्या डोक्यातून निघालेली. नाव ‘सुदृढ बालक साखरतुला’. झेंडूच्या माळा लावलेला मोठा तराजू. एका पारड्यात पोरगं, दुसऱ्यात साखर. ज्याच्यासाठी सगळ्यात जास्त साखर लागेल तो पहिला, आणि ती साखर त्याच्याच घरी. घरी गेलेली साखर वर्षभर पोराच्या पोटात जायची आणि पुढच्या वर्षी तेच पोरगं पुन्हा तराजूत बसायचं. मुक्ताचा धाकटा भाऊ बंकट असा तीन वर्षं पहिला येत होता. वय दहा, वजन अठ्ठावन्न किलो.

माजलगावच्या धरणात त्या साली तळाचा गाळ तेवढा उरला होता. ऊस नव्हता, कारखान्याचं धुराडं दोन हंगाम थंड होतं. पण स्पर्धा बंद ठेवायची नाही, असं आप्पारावांनी बैठकीत ठासून सांगितलं होतं. “धुराडं बघून लोक घाबरतेत. मग त्यांना काय दावायचं? पोरं दावायची! संचालकाची पोरं गुबगुबीत, म्हंजी कारखाना जोरात.” सगळ्या संचालकांनी माना हलवल्या. तेव्हापासून संचालकांच्या घरांतून पोरं पायी चालत नव्हती. भगवानरावांचा वाडा आणि शाळा यांच्यात अर्धा मैल अंतर. तेवढ्यासाठी जीप निघायची. जीपमागं जी धूळ उठायची ती भिवरा आणि तिची आठ वर्षांची बहीण रुक्मिणी खायच्या. त्यांचे आईबाप दरसाल ऊस तोडायला जायचे. औंदा तोडायला ऊसच नव्हता, म्हणून सगळे घरी आणि सगळे अर्धपोटी.

आता एवढ्याशा ठेच्यासाठी मुक्ता बापाच्या चेअरमनसमोर तोंड उघडेल का? नाही. त्याला दुसरं कारण होतं.

शाळेच्या मैदानात खो-खोचे दोन खांब होते. टँकर मागं घेताना त्यातला एक मोडला. नवा कोण आणणार? पोरांनी त्या जागी बंकटला उभं केलं. पहिल्या दिवशी बंकट नाचत घरी आला. “ताई, मला खो-खोत घेतलं!” आठवडाभरानं त्याच्या ध्यानात आलं की पोरं त्याला शिवून वळतात, पण खो कुणी देत नाही. जिना चढला की त्याला धाप लागायची. मानेवर काळा पट्टा उमटला होता, आणि आई विमलबाई रोज तो दगडानं घासायची, मळ समजून.

स्पर्धेच्या सकाळी विमलबाई त्याला टँकरच्या पाण्याचा दुसरा तांब्या पाजत होती. “पी रे राजा, तेवढंच वजन.” गावात माणशी एक हंडा, आणि इथं पारडं खाली जावं म्हणून पाणी! बंकटनं तांब्या खाली ठेवला आणि मुक्ताच्या कानाला लागला.

“ताई, औंदा मी हरलो तर चालंल का?”

म्हणून मुक्तानं विचारलं.

मंडपात हसू पसरलं, मग आप्पारावांच्या चेहऱ्याकडं बघून विझलं. भगवानराव पहिल्या रांगेत घाम पुसू लागले. आप्पाराव म्हणाले, “लेकरू हाय, गंमत करतंय. डॉक्टरबाई, तुमी नंबर जाहीर करा.”

तालुक्याहून आलेल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांना फक्त टाळ्या वाजवायला आणि नारळ घ्यायला बोलावलं होतं. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला.

“गंमत नाही, बरोबर विचारलंय तिनं. सुदृढ कोण ते बघायचंय ना? त्या कडुलिंबापर्यंत पळत जायचं आणि परत यायचं. सगळी पोरं. स्पर्धेतली आणि बघायला आलेलीसुद्धा.”

“पळायचं?” एका संचालकानं असं विचारलं, जसं काही बाईंनी पोरांना विहिरीत उडी मारायला सांगितली.

पण पोरं तोवर सुटलीसुद्धा. संचालकांची पाच पोरं चुन्याची रेघ ओलांडून दहा-वीस पावलांवर धापा टाकू लागली. एक पोरगं चप्पल निसटली म्हणून थांबलं, एक सरळ आईच्या मांडीवर जाऊन बसलं. बंकट मात्र पळत राहिला. तोंड लाल, सदरा वर सरकलेला. अर्ध्या वाटेत तो गुडघ्यावर हात टेकून थांबला, मग खालीच बसला. अनवाणी रुक्मिणी लिंबाला शिवून परत आली, आणि बंकटपाशी थांबून म्हणाली, “उठ की. मी हळू पळते.”

बाया टाळ्या वाजवायला लागल्या. कुणी ओरडलं, “आसाराम तोडकऱ्याची पोरगी पैली!”

डॉक्टरबाईंनी हात वर केला. “थांबा. ही पण पहिली नाही.” त्यांनी रुक्मिणीचा दंड दोन बोटांत धरला. बोटं सहज एकमेकांना भिडली. “हिला पोटभर मिळत नाही. आणि ह्याला…” त्या बंकटशेजारी मातीत बसल्या, मान बघितली, नाडी बघितली. “हा मळ नाही, साखरेच्या आजाराची सुरुवात आहे. आत्ता सांभाळलं तर जाईल. ह्याला गोड बंद, साधं जेवण, आणि रोज खेळ. तराजूत कुणी बसवायचं नाही.”

विमलबाईचा हात आपोआप तोंडावर गेला. ज्या हातानं दगड घासला तोच.

आप्पाराव मात्र आप्पाराव होते. त्यांनी माईक ओढून घेतला. “बाईंचं मोलाचं मार्गदर्शन झालं! आता परंपरेपरमाणं पैला नंबर, चिरंजीव बंकट भगवानराव!” वाजंत्री वाजली. धापा टाकणाऱ्या बंकटला दोघांनी उचलून पुन्हा तराजूत ठेवलं. पारड्यात बसून तो रडत होता आणि फोटोवाला म्हणत होता, “हस की बे!”

संध्याकाळच्या आत साखर ओसरीवर येऊन पडली. भगवानराव येरझाऱ्या घालत होते.

“म्हैस? आप्पासायबाला म्हैस ऐकवलीस तू? माझी संचालकी घालवायचीय का?”

“अण्णा, बंकटची तब्येत गेली तर संचालकी काय करायची?”

“त्याला गाडीनं बीडला दाखवू. मोठ्या डॉक्टरला.”

“गाडीनंच तर झालंय.”

“आगं, कारखाना बंद. लोक कुजबुजतेत. अशात भगवानरावाचा पोरगा पायी दिसला तर म्हणतील, संचालकाच्याच घरी काय उरलं न्हाई!”

विमलबाई चुलीपुढं बसून होती. विजयाचा शिरा करायचा म्हणून रवा काढला होता, कढई तापली होती, पण रवा काही तिच्यानं कढईत पडेना. बंकट साखरेच्या पोत्याला टेकून बसला होता. तो हळूच म्हणाला, “ताई, रुक्मिणी म्हणली ती हळू पळते.”

मुक्तानं ओढणी कमरेला बांधली. चार पावलं मागं सरकली, पंधरा ऑगस्टला सरकली होती तशी. या वेळी ती अडखळली नाही.

“अध्यक्ष महाशय, म्हंजी अण्णा, अन् आई. माझं ठरलंय. उद्यापासून जीप दारात उभी राहू द्या, आमी बसणार न्हाई. मी अन् बंकट भिवरा-रुक्मिणीसंगं पायी शाळेत जाणार. डब्यात लाडू न्हाई, भाकरी अन् भाजी, अन् आई, तू चौघांची बांध. टँकर आपल्या दारात पैला थांबायचा न्हाई, रांगेतून आमी हंडा आणू, तो पण दोघं मिळून. शाळेत खांब मी बसवून घेते, सरांना सांगून, न्हाई ऐकलं तर माईकवर सांगून. अन् पुढच्या साली साखरतुला करायचीच आसंल तर पारड्यात आप्पासायबांना बसवा. बंकट बसणार न्हाई. त्याला त्या दिवशी खो-खोचा सामना हाय.”