नुकताच बदललेला पट्टा

ज्या वर्षी थोरल्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी पोस्टमनकाकांनी आपली जुनी गाडी विकायला काढली. नोकरीतून निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते आणि नजरही अधू झाली होती. सिग्नल लाल की हिरवा, हे शेजारी बसलेल्या काकूंना सांगावं लागे.

गाडी बघायला आली ती घरोघरी जाऊन बाळंतपणं करणारी एक नर्स. तिनं गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "काका, इंजिनातला पट्टा, टायमिंग बेल्ट, कधी बदललाय? तो तुटला की गाडी चालता चालता बंद पडते, इंजिनही जातं."

"नुकताच बदललाय," काका म्हणाले.

"मग उद्या न्यायला येते," म्हणून ती निश्चिंत मनानं गेली.

काकू दारातच उभ्या होत्या. "अहो, नुकताच म्हणजे कधी?"

"मला ज्यानं गाडी विकली, त्यानं तसं सांगितलं होतं."

"तेव्हा आपली धाकटी पाचवीत होती. आता ती कॉलेजात जाते. तुमचं 'नुकताच' काही वयानं वाढत नाही वाटतं?"

काका हसले, मग ओशाळले. "खोटं नाही गं बोललो. कानावर आलं तेच सांगितलं."

"इतकी वर्षं टपाल वाटलंत. पत्ता ठाऊक नसताना कधी कुणाच्या दारात पत्र टाकून आलात? आडरस्त्यात तिची गाडी बंद पडली, तर तिकडे आपल्या लेकीसारखीच कुणीतरी कळा देत तिची वाट बघत असेल हो."

काकांनी उभ्या उभ्या फोन लावला. "बाई, मी मघाशी चुकीचं बोललो. पट्टा कधी बदलला ते मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी तिघं गॅरेजात गेली. मेकॅनिकनं झाकण काढून पट्टा बोटानं वाकवला. भेगाच भेगा!

"गाडी कमी फिरली म्हणून टिकला," तो म्हणाला. "पण काका, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. तारीख ठाऊक नसेल, तर पट्टा जुनाच धरायचा आणि आधी बदलून टाकायचा."

नवा पट्टा बसल्यावरच काकांनी चावी तिच्या हातात दिली.

बंधुभगिनींनो, ऐकीव गोष्ट आपण खात्रीची म्हणून किती सहज पुढे सरकवतो! खोटं बोललो असं वाटतसुद्धा नाही. जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही म्हणावं. त्यात कमीपणा नाही, आणि समोरच्याचा जीव त्यानं वाचू शकतो.

पुढे काकू अंथरुणाला खिळल्या, तेव्हा ती नर्स रोज यायची, त्यांची वेणी घालायची. गाडी विकल्यानंतर चौथ्या वर्षी, सात फेब्रुवारीला दुपारी, काकू वारल्या. कुणी विचारलं, तर काका 'नुकत्याच गेल्या' म्हणत नाहीत, हीच नेमकी तारीख सांगतात.