दुसऱ्या ओळीची जागा

मित्रांनो, जरा जवळ या. मोठ्यानं बोलायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. मी एक जुना लाकडी फळा आहे. कटंगीच्या शाळेत अडगळीच्या खोलीत, तुटक्या बाकांच्या मागं भिंतीला टेकून उभा असतो. एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. लागू दे बापडी, तिलाही पोट आहे.

मी पहिल्यापासून असा नव्हतो. सागाच्या चार फळ्या जोडून सुतारानं मला घडवलं आणि मराठीच्या वर्गात तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवलं. तो वर्ग डोमाजी गुरुजींचा. अंगानं किडकिडीत, धोतर गुडघ्यापर्यंत, आणि कवितेचं वेड असं की जेवणाचा डबा उघडायचाही विसरायचे. मुलांना ते वृत्तं शिकवायचे. वृत्त म्हणजे कवितेच्या ओळीची चाल. जे अक्षर झटकन म्हणायचं ते लघु, त्याच्यावर अर्धचंद्र. जे लांबवून म्हणायचं ते गुरू, त्याच्यावर आडवी रेघ. एक लघु, दोन गुरू, असं एका ओळीत चारदा आलं की झालं भुजंगप्रयात. सापासारखी वळत जाणारी चाल, म्हणून ते नाव. गुरुजींनी त्या वृत्तात स्वतः दोन ओळी रचल्या होत्या आणि दर वर्षी त्याच माझ्यावर लिहायचे:

नदी वैनगंगा पुढे वाहताना
मला सांगते पाय धूऊन जा तू

पुस्तकात या ओळी नव्हत्या. फक्त गुरुजींच्या तोंडी आणि माझ्या अंगावर. संध्याकाळी पुसल्या जायच्या, म्हणून मला कधी त्यांची काळजी वाटली नाही. उद्या पुन्हा लिहितीलच की!

माझी निगा रुख्माबाई राखायची. शाळेत पाणी भरायची, झाडलोट करायची. दर दिवाळीला ती कोळसा कुटायची, माक्याचा पाला वाटून त्याचा रस घालायची आणि मला हातानं काळा करायची. काम करताना ओवी म्हणायची. गुरुजी हसून म्हणायचे, "रुख्माबाई, तुझ्या ओवीले ना लघु ना गुरू. कुठंबी लांबवतं, कुठंबी तोडतं."

"मी कुठं शाळा शिकली, गुरुजी?" ती म्हणायची आणि हात चालूच ठेवायची. तिची मुलगी लीला त्याच वर्गात शिकत होती, आणि भुजंगप्रयात तिला तोंडपाठ होतं.

मग छप्पन साल आलं, राज्यांच्या सीमा बदलल्या. नागपूरकडचा मुलूख मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. आम्ही कुठं हललो नव्हतो, तरी दूरचे झालो. दोन वर्षांनी बातमी आली की तपासणीचे साहेब येणार, मराठीचा वर्ग बघणार, आणि ठीक वाटला नाही तर बंद करणार. गुरुजींची झोप उडाली. वर्ग गेला तर त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? बायको नाही, पोरंबाळं नाहीत.

आता ऐका गुरुजींची चूक. साहेबांसमोर फळा कसा कुळकुळीत दिसला पाहिजे! सुखराम नावाचा एक पालक उकव्याच्या खाणीत होता. त्यानं प्रेमानं मँगनीजची काळी भुकटी डबाभर आणून दिली. गुरुजींनी ती अळशीच्या तेलात कालवली.

रुख्माबाई दारातूनच ओरडली, "तेल नोका घालू, गुरुजी! तेलावर पाणी नाही ठहरत, तुमचा खडू काय ठहरन?"

"तुले काय समजते त्यातलं? जाय, पाणी भर."

ती गेली. गुरुजींनी मला दोन हात दिले. मी असा चकाकलो की कौलांचं प्रतिबिंब दिसावं. खोटं कशाला बोलू, मलाही मिरवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. जबलपूरकडचे, चष्मा लावलेले. खुर्चीत बसून म्हणाले, "मास्टरजी, बच्चों को जो पढ़ाते हैं, ज़रा बोर्ड पर दिखाइए."

गुरुजींनी खडू टेकवला. घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. दाबून ओढला तर मोडून खाली पडला. माझ्या अंगावर एक अक्षर उमटेना. गुरुजींच्या कपाळावर घाम आला. मित्रांनो, फळ्याचा जन्म घेऊन भर वर्गात लिहू न देणं म्हणजे काय, हे तुम्हाला नाही कळणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात दारातून रुख्माबाईचा आवाज आला. डोक्यावर घागर तशीच होती.

"हातानं सांगा न, गुरुजी. धान कांडताना आमी कुठं लिहितो? मुसळ पडते तशी ओवी पडते."

गुरुजींना काही उमगेना. लीलाला मात्र लगेच समजलं. ती उठून माझ्याजवळ आली. लघु आलं की माझ्यावर बोटानं टिचकी, गुरू आलं की तळहाताची थाप. टिक्, धप्, धप्. टिक्, धप्, धप्. ती वाजवू लागली आणि सगळा वर्ग त्यावर म्हणू लागला, "नदी वैनगंगा पुढे वाहताना..." एकाही पोराचा ठेका चुकला नाही. माझ्या चारही फळ्या थरथरत होत्या. इतकं सुख मला पुढं कधी मिळालं नाही.

साहेबांचा पाय खुर्चीखाली ठेका धरू लागला. ते म्हणाले, "अरे, यह तो हमने भी पढ़ा है! यही लघु, यही गुरु. चलने दीजिए क्लास. बस, दस बच्चे होने चाहिए. दस से कम हुए तो मैं भी कुछ नहीं कर पाऊँगा."

ते गेल्यावर गुरुजी रुख्माबाईला म्हणाले, "बाई, चुकलो मी. तुझ्या ओवीले माप हाय. मलेच मोजता नाही आलं."

"हौ," ती म्हणाली, "आता राख आणू का घासाले?" तिनं मला राखेनं आठ दिवस घासलं, तेव्हा कुठं मी पुसट का होईना, खडू धरू लागलो.

वर्ग वाचला. पण मित्रांनो, साहेबांनी नाही मोडला तो आपल्याच माणसांनी मोडला. कोणाला दोष देऊ? दर वर्षी एखादा बाप यायचा, मान खाली घालून म्हणायचा, "गुरुजी, पोराले हिंदीत टाकतो." चाळीस पोरांची तीस झाली, तीसची पंधरा. गुरुजी घरोघरी फिरून दमले. बहात्तरच्या जूनमध्ये नावं भरली ती नऊ.

नावं भरायच्या शेवटच्या दिवशी लीला आली. तीच लीला! आता कटंगीतच नांदत होती, हाताशी सहा वर्षांचा वसंता. गुरुजींचा चेहरा खुलला.

"ये माय. दहावं नाव तुझ्याच पोराचं लिहितो."

लीलानं वर पाहिलं नाही. "गुरुजी, बसची पाटी हिंदीत, खाणीचा फारम हिंदीत. याचा बाप म्हणते, पोराले काहून अडकवतं? मी... मी हिंदीच्या वर्गात नाव देऊन आली."

गुरुजींनी नावांची वही मिटली. मग म्हणाले, "हौ. बरोबर हाय तुमचं." आणि त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

वर्ग बंद झाला आणि आठवड्याभरात ते तुमसरच्या बसनं आपल्या गावी गेले. पुन्हा आले नाहीत. दोन वर्षांनी ते वारल्याचं शाळेत कोणीतरी बोललं. तोवर मला या खोलीत आणून टाकलं होतं.

परवा दार उघडलं. रुख्माबाई थकली, तिच्या जागी आता लीला पाणी भरते. ती बादली शोधायला आली होती. मागं वसंता. मला पाहून ती थबकली. पदरानं माझ्यावरची धूळ पुसली आणि नकळत तिचं बोट वाजलं. टिक्, धप्, धप्.

"ये क्या है, माँ?"

"आमच्या गुरुजींची कविता हाय, बाबू. थांब, लिहून दाखवतो." तिला खाली खडूचा तुकडा सापडला. अळशीचं तेल केव्हाच सुकून गेलं होतं. खडू असा उमटला म्हणून सांगू, पांढराशुभ्र! तिनं लिहिलं, "नदी वैनगंगा पुढे वाहताना". खाली हात नेला. आणि थांबली.

तिनं ठेका धरला. टिक्, धप्, धप्. चारही वेळा बरोबर. पुन्हा वाजवला. शब्द येईनात. "मला..." म्हणाली, "मला... काय होतं वो, गुरुजी?"

गुरुजी कुठले सांगायला! मला येत होतं, मित्रांनो. हजारदा माझ्या अंगावर लिहिलेलं, कसं विसरेन? पण फळ्याला तोंड नसतं. कोणी लिहिलं तरच तो बोलतो. लीला खाली बसून रडली, आणि पोरगं घाबरून तिच्या पदराला धरून उभं राहिलं.

म्हणून थकल्या जिवानं एवढंच सांगतो. तुमच्या आजीची ओवी असो की गुरुजींची कविता, उद्या लिहू म्हणून ठेवू नका. माझ्यावर एक ओळ अजून तशीच आहे. तिच्या खाली जागा आहे, आणि आता खडूही छान उमटतो.