प्लास्टिकवर शिक्का बसत नाही

खिडकी नंबर चारमधल्या कारकुनानं शिक्का पॅडवर दाबला आणि काकूंच्या लग्नाच्या दाखल्यावर ठेवला. उचलून बघतो तर शिक्का घसरून पार कडेला गेलेला. त्यानं अंगठा फिरवला, शाई साफ पुसली गेली. दाखला वाकवून बघितला, तर वाकेना. मग मात्र त्यानं पहिल्यांदाच मान वर करून काकूंकडे पाहिलं.

"मावशी, प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. कोणी केलं हे लॅमिनेशन?"

"आमच्या मिस्टरांनी," काकू म्हणाल्या, आणि सवयीनं जरा अभिमानानंच म्हणाल्या.

अभिमान असायचाच. काकांचं बाजारपेठेत झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान होतं आणि पाटीवर लिहिलं होतं, 'एकदा केलं की सुटत नाही.' घरात तर या माणसाला ताळतंत्र नव्हतं. विजेचं बिल, टीव्हीचं वॉरंटी कार्ड, लेकीचं पहिलीचं प्रगतिपुस्तक, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं प्लास्टिकमध्ये. एकदा काकूंनी सामानाची यादी करून टेबलावर ठेवली आणि तासाभरात ती चकचकीत होऊन हातात आली. त्या यादीत पुढे एक वस्तूसुद्धा वाढवता आली नाही. काका दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हा त्यांच्या मृत्यूचा दाखला काकूंनी स्वतः, त्यांच्याच मशीनवर लॅमिनेट केला. त्या दिवशी त्यांना दुसरं काही सुचलंच नव्हतं.

तर असे तीन दाखले, तिन्ही पक्के. परदेशातल्या लेकीला पाच आठवड्यांनी बाळ होणार होतं. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायचं नाही म्हणून सांगितलेलं, आणि जावई बोटीवर. आईला तिथं राहायची परवानगी हवी तर लेकीच्या जन्माचा, आईच्या लग्नाचा आणि वडिलांच्या मृत्यूचा, असे तीन मूळ दाखले हवेत. त्यांवर आधी या कचेरीचा शिक्का आणि मग वकिलातीचा. वकिलातीची तारीख शुक्रवारची होती. ती हुकली तर पुढची दीड महिन्यानं, म्हणजे बाळ रांगायला लागल्यावर जा, असंच झालं. आज सोमवार होता.

कारकून तसा भला. जन्माचा आणि मृत्यूचा दाखला नगरपालिकेत नवा मिळेल म्हणाला, आणि दोन्ही बुधवारी मिळालेही. लग्नाच्या दाखल्याला मात्र नोंदणी कचेरीतल्या बाईंनी हात जोडले. छप्पर गळून त्या वर्षाच्या वह्या भिजल्या होत्या, त्यांचा लगदा झाला होता. बाईंनी तो लगदा दाखवलासुद्धा. आता काकूंचं लग्न झालं होतं याचा जगात एकच पुरावा उरला होता, आणि तो काकांनी असा बंद केला होता की ब्रह्मदेवाला उघडता येऊ नये.

काकू घरी आल्या त्या पारा चढवूनच. भिंतीवर काकांचा फोटो होता, अर्थातच लॅमिनेट केलेला. त्याच्यासमोर उभं राहून त्यांनी दहा मिनिटं त्या माणसाचा उद्धार केला. काय ती हौस, काय तो सोस, जिवंतपणी ऐकलं नाही कोणाचं आणि आता गेल्यावरही लेकीच्या आड येताय, असं सगळं त्यांनी सुनावलं. फोटो हसतच राहिला, त्यामुळे त्या आणखी भडकल्या. त्यांनी तो खाली उतरवला आणि कपाटात ताटांच्या मागे पालथा घातला. मग ओट्याशी बसून पोटभर रडल्या.

गुरुवारी सकाळी त्या गावातल्या चार दुकानांत जाऊन आल्या. चौघांनीही दाखला हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि परत दिला. प्लास्टिक ओढलं तर शाई त्याच्याबरोबर येणार, कागद कोरा राहणार, आणि काकांनी केलेलं काम आहे, आम्ही हात लावणार नाही, असं चौघांचंही म्हणणं पडलं. उरला एकच, समोरचा.

समोरचा म्हणजे काकांच्या दुकानाच्या अगदी समोर ज्याचं दुकान, तो. त्याचं नाव काकूंच्या घरात कधी कोणी घेतलं नाही. वीस वर्षं दोघं रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकांचे वाभाडे काढत होते. याच्या लॅमिनेशनला बुडबुडे येतात, त्याच्या झेरॉक्समध्ये माणूस ओळखू येत नाही, हे सगळ्या बाजारानं ऐकलेलं. त्याची पायरी चढणं काकूंच्या अगदी जिवावर आलं. पण लेक पलंगावर एकटी पडून होती, म्हणून चढल्या.

त्यानं "या वहिनी" म्हणून खुर्ची पुसून दिली. दाखला घेतला, पण उजेडाकडे धरला नाही. डोळे मिटून कडेवरून बोट फिरवलं, नाडी बघावी तसं. मग कटर घेतला आणि काकू "अहो, अहो" म्हणेपर्यंत एक कड सरळ कापून टाकली.

त्यानं दाखला उभा धरून हलकेच झटकला. आतून लग्नाचा दाखला घसरत आला आणि टेबलावर पडला. कोरडा, मऊ, सह्यांसकट.

"वरून-खालून पारदर्शक कागद घातलाय," समोरचा म्हणाला. "डिंक त्याला चिकटला, दाखल्याला नाही. एकदा एक गिऱ्हाईक शिक्का बसत नाही म्हणून रडत आलं होतं त्याच्याकडे. तो आठवडाभर जेवला नाही नीट. तेव्हापासून महत्त्वाचा कागद तो असाच करायचा. माझ्या लग्नाचा दाखला पण त्यानंच करून दिलाय. मला ते जमत नाही."

मग तुम्ही इतकी वर्षं भांडत का होतात, असं त्यांनी विचारलं. समोरच्यानं खाली बघत सांगितलं की भांडण ऐकायला माणसं थांबायची आणि थांबली की काहीतरी झेरॉक्स करून जायची, दोघांचाही धंदा त्यावर चालायचा. संध्याकाळी दुकानं बंद झाली की मागच्या गल्लीत दोघं बरोबर चहा घ्यायचे.

"मला नाही कधी सांगितलं त्यांनी, दाखल्याचं," काकू म्हणाल्या.

"सांगितलं होतं म्हणे. तुम्ही म्हणालात, तुमचं सगळंच वेगळं असतं." समोरच्यानं कटर मिटून ठेवला. "मला म्हणाला होता, मी आधी गेलो तर आमचं लग्न झालं होतं हे तिला एकटीला कोणाकोणाला पटवावं लागेल, कोण जाणे. तेव्हा हा कागद सुटायला हवा."

काकूंना आठवलं. त्या तेव्हा भांडी घासत होत्या आणि त्यांनी मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

दुपारी खिडकी नंबर चारमध्ये शिक्का बसला. कारकुनानं अंगठा फिरवून बघितला, हलला नाही. शुक्रवारी वकिलातीचाही बसला. तीन आठवड्यांत परवानगी आली आणि लेक फोनवर इतकी रडली की काकूंनाच तिला दटावावं लागलं, पोटातलं पोर घाबरेल म्हणून.

निघायच्या दिवशी काकूंनी बॅग भरली, कुलूप हातात घेतलं, आणि परत आत गेल्या. ताटं बाजूला करून काकांचा फोटो काढला, पदरानं पुसला. महिनाभर पालथा पडूनही तो तसाच हसत होता. त्यांनी तो कपड्यांच्या घडीत, वरच ठेवला.

"चला," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. पण तिकडे दिसेल ते लॅमिनेट करायचं नाही."