भोकांची कुंडी

मित्रांनो, मी एक जुनी, मातीची कुंडी. अंगाला चारी बाजूंनी बोटाएवढी भोकं, आणि तीच माझी शान. कुणी त्यांना दोष म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

माझा जन्म रशियातल्या नदीकाठच्या एका छोट्या गावातला. तिथे तमारा नावाची बाई गावाच्या इतिहासाचं लहानसं संग्रहालय सांभाळायची. घरी तिला ऑर्किडचं वेड. ऑर्किडच्या मुळ्यांना हवा लागते, कोंडल्या की त्या गुदमरतात. म्हणून तिनं कुंभाराला सांगून मला मुद्दाम भोकं पाडून घेतली. कुंभार तेव्हा हसला होता. पण बाहेर गुडघाभर बर्फ असताना तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत माझ्यातलं ऑर्किड फुललं आणि अख्खं गाव बघायला लोटलं. त्या गर्दीत तोही होता.

२००१ साली तमारा मुलीच्या मागोमाग अमेरिकेत आली. गावाची आठवण म्हणून तिनं मला एकटीलाच शालीत गुंडाळून आणलं. तिथल्या श्रूजबरी गावातल्या अपार्टमेंटमध्ये माझ्यात नवं ऑर्किड लागलं. शेजारी पुण्याचे यतीन आणि शैलजा राहायचे. त्यांची छोटी नेत्रा तिला तमारा आजी म्हणायची आणि शाळेतून आली की तिच्या गावच्या गोष्टी ऐकत बसायची.

२००७ च्या हिवाळ्यात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तमारा मुलीकडे गेली. जाताना मला शैलजाच्या हाती दिलं. "हे माझं गाव आहे, सांभाळ," एवढंच म्हणाली.

शैलजानं जीव लावला, खोटं कशाला बोलू? पण रोज सकाळी आंघोळ झाली की तुळशीला घालावं तसं तांब्याभर पाणी. ते माझ्या भोकांतून थेट खाली.

"अगं, कार्पेटची वाट लागली," यतीन म्हणाला. "पॉट डिफेक्टिव्ह दिसतंय. थांब, पुण्याहून आणलेलं एम-सील आहे ना, फिक्स करून टाकतो."

बाहेर डोकावणाऱ्या मुळ्या त्यानं आत ढकलल्या आणि एकेक भोक लिंपून टाकलं. काम इतकं सफाईदार की शैलजानं कौतुक केलं. माझ्या पोटात मात्र पाणी साचत गेलं. मुळ्या कुजल्या, पानं पिवळी पडली. पानं पिवळी दिसली की शैलजा काळजीनं आणखी पाणी घालायची.

मार्चमध्ये तमारा काठी टेकत परतली. नेत्रानं दारातच सांगून टाकलं, "आजी, इट स्मेल्स बॅड." शैलजाला मान वर करवेना. यतीन स्क्रूड्रायव्हर घेऊन खरवडायला बसला, पण एम-सील दगडासारखं झालं होतं. ज्या थोड्या मुळ्या जिवंत होत्या, त्या माझ्या आतल्या अंगाला घट्ट चिकटल्या होत्या. ओढल्या असत्या तर तुटल्या असत्या. एक तर झाड वाचणार होतं, नाहीतर मी.

तमारानं माझ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "यतीन, हातोडी आण."

"नको ना काकू. हे तुमचं गाव आहे," शैलजा रडवेली होऊन म्हणाली.

"आमच्या संग्रहालयात सगळी खापरंच होती," तमारा म्हणाली. "अख्खं मडकं एकही नव्हतं. तरी आम्ही गावाचा इतिहास सांगतच होतो."

मला भीती वाटली नाही, हे छातीठोकपणे सांगते. एका घावात मी फुटले आणि मुळ्यांना हवा लागली. मला चिकटलेल्या मुळ्या तमारानं सोडवल्या नाहीत, माझ्या खापरांसकट झाड नव्या कुंडीत लावलं. त्या कुंडीला भोकं पाडली यतीननं, स्वतः ड्रिल घेऊन, जरा जास्तच.

पुढच्या वसंतात झाड फुललं. घरी मैत्रिणी आल्या की नेत्रा त्यांना शेजारी आजीकडे घेऊन येते. आधी फूल दाखवत नाही, भोकातून दिसणारं माझं खापर दाखवते. "दॅट्स आजीज टाउन," म्हणते.

मित्रांनो, कुणाची वस्तू सांभाळायला घेतलीत तर माया कराच, पण आधी तिला काय लागतं ते विचारा. आणि भोक दिसलं म्हणून लगेच बुजवायला धावू नका. त्यातून कुणीतरी श्वास घेत असतं.