उजवीकडचा कप

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. जोतीराम. रहिमतपुरात त्यांचं सायकलचं दुकान आहे आणि त्यांच्या हाताला गुण आहे, असं पंचक्रोशी म्हणते. सहा वर्षांपूर्वी तो हात लकव्यानं गेला. उजवा. चमचासुद्धा धरत नाही. औषधानं हात सुधारला, असं त्यांनीच गावभर सांगून ठेवलं. खरं हे, की तेव्हापासून दुकानातला प्रत्येक नट मी खोललाय आणि मी आवळलाय. मागच्या खोलीत. ते पुढं खोक्यावर बसायचे, हातावर टॉवेल टाकून. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "ठेवून जा, सांजच्याला ने." सांजच्याला गिऱ्हाईक पायडल मारून बघायचं. "जोतीरामा, लोण्यागत चालतीया गड्या." ते मान हलवायचे. मी आत डिझेलनं हात धूत असायची.

काम त्यांनीच शिकवलं, खोटं कशाला बोलू. पण पहिल्या दिवशीच अट घातली. गिऱ्हाइकासमोर पाना धरायचा नाही. बाईच्या हातात पाना दिसला की लोक सायकल दुसरीकडं नेतात. सहा वर्षं मी ती अट पाळली. माझाच मूर्खपणा.

जानेवारीत सुभेदार भाऊसो आले. फौजेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस. कुणाच्या लग्नाचा मांडव पडला तरी खुंटी कुठं ठोकायची ते हेच सांगणार आणि लोक तिथंच ठोकणार. खांद्यावर जुन्या सायकलची फ्रेम. चाकं नाहीत, सीट नाही, नुसते पायडलचे दांडे लोंबकळत होते. याच सायकलवरून ते साताऱ्याला भरतीला गेले होते. सव्वीस जानेवारीला माजी सैनिकांची फेरी निघणार होती आणि त्यांना सगळ्यांच्या पुढं हीच सायकल पाहिजे होती. पण दांडे ज्या आसावर फिरतात तो बॉटमचा आस झिजून खडखडत होता. आस, छर्रे, छर्रे धरून ठेवणारे, फ्रेमच्या नळ्यात आट्यांवर आवळलेले दोन्ही बाजूंचे कप, सगळं नवीन घालायचं होतं.

"ठेवून जावा साहेब."

"ठेवून न्हाई जात. माझ्यासमोर खोल."

जोतीरामांनी टॉवेल सारखा केला. "आज हात जरा दुखतोय. घरातली खोलंल, मी सांगतो तसं."

म्हणून मी पहिल्यांदा पुढं आले. दांड्यांच्या पिना ठोकून काढल्या. डावीकडचा कप निघाला. उजवीकडचा गंजून बसला होता, चाळीस वर्षांचा गंज. त्यावर डिझेल सोडलं आणि म्हटलं, तासभर मुरू द्या.

सुभेदारांना तास कुठला निघतोय. "बाईच्या हातात जोर न्हाई. आण इकडं." त्यांनी पान्याला दोन हात लांब पाइप जोडला आणि डावीकडं रेटा दिला.

"साहेब, उलटं फिरवताय. त्या बाजूला उलटे आटे असतात. उजवीकडं फिरवलं की सुटतो."

"वीस वर्सं मिलिटरीच्या गाड्या खोलल्यात मी. तू मला नट शिकीवतीस व्हय?"

मी जोतीरामांकडं बघितलं. उलट्या आट्याची गोष्ट मला त्यांनीच शिकवली होती, शिकवताना टपली मारून. आता त्यांनी एक शब्द बोलायचा होता. एकच.

"साहेबांस्नी करू दे की," ते म्हणाले.

सुभेदारांनी सगळं अंग टाकलं. कडकन आवाज झाला आणि कप फिरायला लागला.

"सुटला बघ." त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "ह्याला म्हणत्यात फौजी हात."

सुटला नव्हता. तो आणखी आवळत गेला होता आणि आवळता आवळता फ्रेमच्या नळ्यातले आटे सोलून निघाले होते. कप जागच्या जागी गरगर फिरत होता, बाहेर येत नव्हता. आता नवा कप आणला तरी आवळायचा कशात? मी तसं सांगितलं. तोवर समोरच्या दादासोच्या चहाच्या टपरीवरून चौघं जण बघायला आले होते. दादासोही फडकं खांद्यावर टाकून आला.

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "जोतीराम, आदी हात हिनंच लावला हुता न्हवं?"

"व्हय साहेब. बाईमाणूस. तिनंच पाना वाकडा लावला असंल."

सहा वर्षांत हजारभर सायकली झाल्या असतील. त्यातली एकही माझी नव्हती. एक बिघडली, आणि तीही दुसऱ्यानं बिघडवली, ती तेवढी माझी.

मी पाना उचलला आणि जोतीरामांच्या पुढ्यात धरला. "मग आता तुमीच करा. तुमच्या हाताला गुण हाय न्हवं?"

"विजे, आत जा."

"न्हाई जात. धरा."

मी टॉवेल ओढून टाकला. त्यांचा उजवा हात धरला, पाना त्यात ठेवला, एकेक बोट त्यावर मिटवलं आणि सोडून दिलं. पाना फरशीवर पडला. कुणी हसलं नाही. मी तो उचलला नाही.

दादासोनं जोतीरामांकडं बघत घसा खाकरला. "मग परवा माझ्या पोरीच्या वाकड्या चाकाचा आउट कुणी काढला रं?"

"मी काढला," मी म्हटलं.

"आन् माझी चेन?" दुसरा म्हणाला.

"मी."

सुभेदार फ्रेम उचलून गेले.

आजारी नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडलं, असं गल्लीतल्या बायका म्हणाल्या. पाडलं. मला त्याचं दुःख नाही असं नाही, पण परत वेळ आली तर परत पाडीन. जोतीराम घरात भिंतीकडं तोंड करून पडतात. भाकरी ठेवली की खातात, बोलत नाहीत. मी दुकानात पुढं बसते. काही गिऱ्हाइकं मला बघून सायकल तशीच पुढं ढकलत नेतात. नेऊ देत. दोन मैल ढकलतील तेव्हा कळेल.

नवव्या दिवशी सकाळी सुभेदार पुन्हा आले. फेरी तोंडावर आली होती. साताऱ्यात दोघांना फ्रेम दाखवून झाली होती. दोघांनीही भंगारात टाका म्हणून सांगितलं होतं.

"जोतीराम हाय का?"

"न्हाईत."

"कवा येईल?"

"यायचे न्हाईत."

ते बाकड्यावर बसले. फ्रेम मांडीवर. नऊ दिवसांपूर्वी तो हात स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला हा माणूस त्याच हाताची वाट बघत बसला. मी एका चाकाचे आरे बदलत होते. बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तासभर तसाच गेला.

मग ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "हे हुईल का दुरुस्त?"

"हुतंय. नळा कापून दुसऱ्या फ्रेमचा नळा वेल्ड करायचा. आटे साबूत असलेला नळा हाय माझ्याकडं."

"मग घे की."

त्यांनी फ्रेम पुढं केली. मी हात पुढं केला नाही.

"टपरीवर दादासो हाय, त्या दिवशीची मानसं बी हायती. त्यास्नी सांगून या, डावीकडं कुणी फिरवलं आन् उजवीकडं कोण म्हणत हुतं. मग घेते."

"मी सुभेदार हाय."

"मला ठावं हाय."

ते उठले, रस्त्यापर्यंत गेले आणि टपरीकडं बघत थांबले. रस्ता ओलांडला की टपरी, वीस पावलंसुद्धा नाहीत. या माणसानं बर्फात पहारे दिलेत म्हणतात. मी तीन आरे बसवले, चाक फिरवून बघितलं, चौथा घेतला. फ्रेम खांद्यावर घेऊन तो रस्त्याच्या कडेला अजून उभाच होता.