न्दापेवाची खुर्ची

"हे काय, आजपण?" बिर्गिट कोपरापर्यंत बाह्या सारून उभी होती. तिच्यासमोर सोळा ताटल्या घासून, वाळवून लख्ख, उपड्या, ओळीने मांडलेल्या. "आज भांड्यांची पाळी माझी आहे. ट्रकच्या दारावर लिहिलंय तसं!"

"बसा हो मेमे, बसा. चहा घ्या आधी," म्हणत आमची नवी स्वयंपाकीण न्दापेवा हिने तिच्या हातात कप दिलासुद्धा. न्दापेवाच्या मुलखात बाईला मानाने मेमे, म्हणजे आई म्हणतात, आणि पुरुषाला ताते, म्हणजे बाबा.

बिर्गिट बसली, पण चहाला तिने तोंड लावलं नाही. डेन्मार्कमध्ये चाळीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलेली बाई. सत्तरी उलटली तरी एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं. केपटाऊनहून निघून आम्हाला आज तिसरा दिवस होता, ऑरेंज नदीच्या काठी मुक्काम होता, आणि बिघाड कुठे आहे हे मला कळून चुकलं होतं.

मी ओबर्ट, ड्रायव्हर. अठरा वर्षं झाली, चौदा पाहुणे ट्रकमध्ये घालून व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत नेतो. आमच्या सहलीचा रिवाज असा की तंबू पाहुण्यांनी ठोकायचे, कांदे त्यांनी चिरायचे, भांडीही त्यांनीच घासायची. पुसायला फडकं द्यायचं नाही, एका फडक्याने सगळ्यांची पोटं बिघडतात. त्यामुळे ओल्या ताटल्या दोन्ही हातांत धरून वाळेपर्यंत हवेत हलवायच्या. मोठमोठे डॉक्टर, वकील कोंबड्यांसारखे पंख फडफडवत उभे असतात. तिथेच ते एकमेकांना पहिल्यांदा हसतात. तो फडफडाट झाला नाही, तर चौदा माणसं तीन आठवडे चौदाच राहतात, त्यांची एक टोळी होत नाही.

आणि न्दापेवा तो होऊ देत नव्हती. पहाटे उठून सगळं एकटी उरकून ठेवायची. वर जेवणाआधी तांब्या आणि घंगाळ घेऊन प्रत्येकासमोर वाकायची, हातावर पाणी घालायची. पहिल्या दिवशी पाहुण्यांना त्याचं कोण कौतुक! तिसऱ्या दिवशी ते इस्पितळातल्या रोग्यांसारखे गप्प बसून जेवत होते.

तिची ही पहिलीच फेरी. उत्तर नामिबियातल्या एका शाळेच्या वसतिगृहात तिने बावीस वर्षं रांधलं. वसतिगृह बंद पडलं तेव्हा तिला बावन्नावं लागलं होतं. कंपनीने तिला आठवडाभर पारखायला घेतलं होतं. सातव्या दिवशी स्वाकोपमुंडला ऑफिसातली बाई येणार, पाहुण्यांकडून कागद भरून घेणार आणि मग ठरणार, हिला ठेवायचं की तिथूनच बसमध्ये बसवून घरी धाडायचं.

मी तिला बाजूला घेतलं. "मेमे, त्यांना काम करू द्या."

"पाहुण्यांना? भांडी?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच खरकटा झालो. "ताते ओबर्ट, तुमच्या झिम्बाब्वेत पाहुण्याला उष्टी काढायला लावतात?"

"नाही लावत. पण ही माणसं त्यासाठीच आलीत."

"उष्टी काढायला विमानाने आली?"

खरंच ते थोडं वेडेपणाचंच होतं.

"मी हातपाय हलवले नाहीत तर मला ठेवतील कशाला?" ती म्हणाली. हे मात्र ती हळू बोलली. आणि गेलीसुद्धा, बटाटे सोलायला, उभ्यानेच. आमच्याकडे घडीच्या सोळा खुर्च्या होत्या. तिच्या वाटणीच्या खुर्चीवर रोज पातेलं बसायचं.

पाचव्या दिवशी सेस्रिमला, वाळूच्या डोंगरांपाशी, दुपारी वारा सुटला. तंबू सावरून, वाळू झाडून सगळे येईपर्यंत सूर्य कलला. न्दापेवाने तीन पायांचं बिडाचं जड भांडं एकटीने उचललं आणि वाकली ती वाकलीच. कंबर धरली होती. मी धावलो, तिला ट्रकच्या सावलीत चटईवर आडवं केलं. तिचे डोळे भरून आले होते, पण कळ कंबरेची नव्हती.

"कुणाला सांगू नका. परवा कागद भरायचेत. तुम्ही शिजवा, मी सांगते तसं."

"मी? मेमे, मला पाणी तेवढं उकळता येतं, तेही इंजिनात."

"त्यांना कशाला, आम्हाला सांगा," मागून आवाज आला. बिर्गिट उभी होती, दारावरचा पाळीचा कागद हातात. "घरी मुलं म्हणतात, आई बस. सून म्हणते, आई बस. म्हणून इतक्या लांब आले, तर इथंही बस! आता तुम्ही बसा. नाही, झोपाच. आणि सांगा, कांदे किती?"

न्दापेवा म्हणाली, "आठ."

टपाल वाटावं तशी बिर्गिटने कामं वाटली. पाच मिनिटांत चौदा माणसं चुलीभोवती. आणि चटईवरून वसतिगृहातल्या दोनशे पोरांना पुरलेला तिचा आवाज उठला, "ए लांबुळक्या, मीठ आत्ता नाही! मांस शिजू दे आधी! ते गाजर आहे का सरपण? बारीक चीर!" लांबुळका म्हणजे हॉलंडचा एक न्यायाधीश. इतकं खूश होऊन शिव्या खाताना मी कोणाला पाहिलं नाही.

रस्सा जरा करपला. तरी ताटल्या पुसून खाल्ला सगळ्यांनी.

पण त्याआधी एक झालं. बिर्गिट तांब्या आणि घंगाळ घेऊन आली, चटईशी गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "हात पुढे करा." न्दापेवाने हात मागे घेतले. बावीस वर्षांत तिच्या हातावर कुणी पाणी घातलं नव्हतं. बिर्गिट तांब्या धरून तशीच थांबली. शेवटी ते हात पुढे आले, आणि मला उगाच ट्रकची हवा तपासायला जावं लागलं.

जेवणानंतर चौदा जण ताटल्या हलवत उभे होते, हसत होते, एकमेकांवर पाणी उडवत होते.

स्वाकोपमुंडला ऑफिसच्या बाईने कागद वाचले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ओबर्ट, हे काय? 'स्वयंपाक आम्ही केला. रस्सा करपला. या बाईंना जाऊ देऊ नका.' सगळ्यांनी हेच लिहिलंय!"

"मग खरंच लिहिलंय," मी म्हणालो. तिने पुन्हा एकदा वाचलं, आणि सही केली.

आठव्या दिवशी सकाळी मी ट्रकखालून बाहेर आलो. सोळा उष्ट्या ताटल्या टबात तशाच पडल्या होत्या, वर माशा. न्दापेवाने पातेलं खाली ठेवलं होतं आणि तिच्या खुर्चीवर ती स्वतः बसली होती. ताठ, हात मांडीवर. ते हात एकदा टबाकडे गेले, परत मांडीवर आले. तंबूतून बिर्गिट बाह्या सारत येत होती. न्दापेवा उठली नाही.